भाचीच्या पाया पडताना

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. जितेंद्रला अनेक आशीर्वाद.

मी मिनलकडे बरा आहे. तुझी खुशाली मिनल सांगते तेवढी कळते. थंडी या आठवड्यात वाढली. वाडीची तुझी खोली पत्र्याची, तिथे जास्तच लागत असेल. सकाळच्या पाळीला गोदामात जाताना डोक्याला रुमाल बांधत जा, केस अजून पुरते आले नसतील. उमरेडच्या घराची किल्ली शेजारी चंपतरावांकडे ठेवली आहे. ते तुळशीला पाणी घालतात. मला तिकडे लवकर जायचं आहे, पण मिनल सोडत नाही.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितो आहे. एकाच शहरात राहून बापाने मुलाला पत्र लिहावं, याचं तुझ्या बहिणीला नवल वाटलं. ती म्हणाली, नेऊन देते, पण तो वाचेलच असं नाही. तू वर्ध्याला आयटीआयच्या वसतिगृहात होतास तेव्हा मी तुला लिहीत असे. आई शेजारी बसून काय काय लिहायचं ते सांगायची आणि शेवटी म्हणायची, "माझाही आशीर्वाद लिहा." मी म्हणायचो, माझ्यात तुझाही आलाच. तिला ते पटत नसे. वेगळा लिहायला लावायची.

तुझा कागद मिनलने दिला. त्याचं पुढे लिहितो.

आधी शुक्रवारचं सांगतो, कारण ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आई गेली त्या दवाखान्यात मी गेलो होतो. तिथल्या मेट्रनबाईंचा मिनलला फोन आला होता. आपल्या प्रकरणानंतर त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण पुन्हा ठेवलं. पेशंटचे नातेवाईक चिडले, अंगावर आले, तर काय करायचं याचं. पुण्याहून एक मॅडम येणार होत्या आणि नातेवाइकाचीही बाजू ऐकायची होती. आले तर बरं, नाही आले तरी आमची तक्रार नाही, असं बाई म्हणाल्या. तू मिनलला काय म्हणालास ते तिने मला सांगितलं नाही, पण तिच्या फोनचा आवाज मोठा असतो. "बाबा त्यांच्या तमाशात नाचायले जाऊन राहिले का?" असं तू म्हणालास.

नाचायला नाही गेलो. का गेलो, ते नीट सांगता येत नाही. घरी बसून कंटाळलो होतो असं समज.

लिफ्ट आयसीयूच्या मजल्यावर थांबते, म्हणून मी जिन्याने गेलो. वरच्या मजल्यावर हॉल आहे. सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईच्या बाया, गार्ड, दोनचार तरुण डॉक्टर, सगळे बसले होते. तर्री-पोहे आणि चहा होता. मी कोपऱ्यातली खुर्ची घेतली. मी कोण, हे मेट्रनबाईंनी मुद्दामच सांगितलं नाही, मला बरं वाटलं.

श्वेता मॅडम म्हणून त्या बाई, चाळिशीच्या. त्यांनी सुरुवातीला विचारलं की ड्युटीवर असताना कुणाला मार बसला आहे, हात वर करा. जवळजवळ सगळे हात वर गेले. फरशी पुसणाऱ्या बाईनेही केला. एक वयस्क सिस्टर म्हणाली, मी ड्युटीवर मंगळसूत्र घालून येत नाही, एकदा एकाने तेच धरून ओढलं होतं. ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मग मॅडमनी शिकवलं. चिडलेल्या माणसाच्या अगदी समोर उभं राहू नये, जरा तिरकं आणि हात पोचणार नाही इतक्या अंतरावर राहावं. आपले पंजे त्याला दिसू द्यावेत. दार अडवू नये, त्यालाही बाहेर जायला वाट हवी आणि आपल्यालाही. तो जितका वर बोलेल तितकं आपण खाली बोलावं. आधी आपलं नाव सांगावं, मग त्याचं विचारावं. वाईट बातमी उभ्याउभ्या कॉरिडॉरमध्ये सांगू नये, बसवून, घरचं आणखी कुणी सोबत असताना सांगावी.

ऐकताना मला उमरेडचा एसटी डेपो आठवला. गाडी उशिरा लागली की लोक चौकशीच्या खिडकीवर येऊन मला काय काय बोलायचे. मी शांत असायचो. घरी तुम्ही म्हणायचात की बाबांचा स्वभावच शांत. पण मधे जाळी होती. जाळीच्या मागे बसून शांत राहायला काही लागत नाही. या पोरींना जाळी नाही.

नंतर नाटकासारखं केलं. मॅडमनी एक प्रसंग वाचून दाखवला. नातेवाईक, वय साठीच्या पुढे, पत्नी नुकतीच वारली आहे, तो सिस्टरच्या अंगावर येतो. नाव नव्हतं, पण कुणाचं ते मला कळलं. एक वॉर्डबॉय मी झाला आणि एक सिस्टर करिष्मा झाली, आयसीयूत आईला सांभाळायची ती. तो वॉर्डबॉय हौशी होता. "माझ्या बायकोले मारलं तुम्ही," असं ओरडत त्याने मधली खुर्ची पाडली आणि उडी मारली. लोक हसले. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मला तिथून उठावंसं वाटलं, पण दारापर्यंत जायला सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं.

तेव्हा मागून एक गार्ड उभा राहिला. मोहित नाव त्याचं. तू ज्याचा दात पाडलास तो हाच. तो म्हणाला, "मॅडम, असं नव्हतं जी. त्या दिवशी ते काका एक शब्द बोलले नव्हते." आणि मला खुर्चीत पाहून त्याने हात जोडले. मग सगळ्यांनाच कळलं. तो वॉर्डबॉय पाडलेली खुर्ची उचलत माझ्याजवळ आला, म्हणाला, माफ करा काका, मले माहीत नव्हतं. मी म्हटलं, असू दे बाबा.

मॅडम माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या की तुम्हाला झेपत असेल तर काय झालं ते दाखवा, नसेल तर राहू द्या. मी उठलो. करिष्मा मागच्या रांगेत होती, हाताला प्लास्टर. ती म्हणाली, तिथे मीच उभी राहते.

आता तुला नात्याचं सांगायला हवं. तू त्या दिवसांत वाडीहून ये-जा करत होतास, तुला हे कुणी सांगितलं नाही. करिष्मा खाप्याची. पण तिची आई जयवंता आपल्या उमरेडची, आपल्याच मोहल्ल्यातली, हातमाग चालायचे त्या गल्लीतली. आईला हे भरती झाली त्याच दिवशी कळलं, बोलता बोलता काढलंच तिने. गावच्या नात्याने जयवंता माझी बहीण, म्हणजे करिष्मा भाची. ती मला मामाजी म्हणू लागली आणि आईला मामी. आई खाटेवरून मला म्हणाली, "भाची आहे, तुम्ही पाया नाही पडले अजून?" मी म्हटलं, दवाखान्यात कुठे पाया पडता. घरी जाताना पडेन. भाचीच्या पाया मामाने पडायचं, हे तुलाही माहीत आहे. तुझ्या आतेबहिणींच्या मी पडतोच.

तर शुक्रवारी करिष्मा पाठमोरी उभी राहिली, त्या दिवशी काउंटरजवळ होती तशी. मी मागून गेलो आणि वाकलो. माझे गुडघे आता लवकर वाकत नाहीत, एकदा वाकलं की अंग एकदम पुढे जातं. त्या दिवशीही तसंच झालं होतं. माझा हात तिच्या पायाला लागला आणि ती मागे सरकली. सगळं माहीत असून सरकली. तिचा चांगला हात भिंतीकडे गेला, गार्डना बोलवायचं बटण शोधत, पण त्या हॉलमध्ये ते नव्हतंच. ती हाताकडे पाहून म्हणाली, "पाहा ना मामाजी, हात अजून जातेच." हसल्यासारखं करून ती खुर्चीवर बसली.

कारण असं होतं, की आई भरती झाली त्याच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या एका पेशंटच्या घरच्यांनी एका सिस्टरचे पाय धरून तिला फरशीवर ओढत नेलं होतं. करिष्मा तिथेच होती. त्यानंतरच पहिलं प्रशिक्षण झालं. कुणी एकदम झुकला, पायाशी आला, तर एक पाऊल मागे आणि बटण. ते पोरीच्या अंगात बसलं. बटण दाबलं तेव्हा तिने माझं तोंडही पाहिलं नव्हतं.

श्वेता मॅडमना कळेना की एवढा वयस्क माणूस लेकीएवढ्या मुलीच्या पाया का पडतो. तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. आमच्याकडे पडतात मॅडम, मामा भाचीच्या पडते, बाप लेकीच्या पडते. एका सिस्टरने विचारलं की मग बटण दाबायचं की नाही दाबायचं, ते एकदा सांगून टाका. मोहित म्हणाला, "मॅडम, वाकणारा माणूस पाया पडून राहिला का पाय ओढून राहिला, हे आपल्याले वरून नाही दिसत जी." मॅडम म्हणाल्या, मी यावर नियम सांगणार नाही, मला अजून कळलेलं नाही.

नंतर त्यांनी मला विचारलं की तुम्ही तेव्हाच पाया का पडलात. मी म्हटलं, सेवा केली म्हणून. त्यांनी मान हलवली. चहा पुन्हा आला.

मिनल जेवायला बोलावते आहे. उरलेलं उद्या लिहितो.

सोमवार, सकाळ

काल मी लिहिलं की सेवा केली म्हणून. ते हॉलमधल्या लोकांसाठी होतं. तुला खरं कारण सांगायला हवं. तेरवीच्या दिवशीच सांगायचं होतं, पण तुझं तोंड पाहून धीर झाला नाही. हे सांगण्यासाठीच पत्राला बसलो आणि काल दिवसभर दुसरंच लिहीत राहिलो.

त्या दुपारी डॉक्टरांनी रक्त आणायला सांगितलं आणि तू रक्तपेढीत गेलास. तू गेल्यावर आईचं एकदम खालावलं. भेटायची वेळ नव्हती, मी बाहेर बाकावर होतो. करिष्मा दारात आली आणि म्हणाली, "मामाजी, चप्पल काढा, आत या. विचारू नका काही." मी गेलो. तिने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

आईला आदल्या दिवसापासून पाणी बंद होतं. तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. ती मात्र पाणीच मागत होती. करिष्माने मशीनकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. आईचे डोळे अर्धे उघडे होते, पण तिला दिसत नसावं. तिने विचारलं, "जितू आला का वं?"

मी पायथ्याशी उभा होतो. करिष्मा म्हणाली, "आले ना मामी. हे पाहा, जितूभाऊच पाणी देऊन राहिले." तिने हातातला मोजा काढला. आईच्या तोंडावरचा मास्क जरासा बाजूला केला आणि त्या उघड्या हाताने चमच्याने पाणी घातलं. आईने तोंड उघडलं. थोडं आत गेलं, थोडं ओघळलं. तिने चाचपून तो हात धरला. मग तिने हळूच विचारलं, "जेवला का गा?"

हे तिने तुला विचारलं. करिष्मा हो म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. मला बाहेर पाठवलं, डॉक्टर आले, मशीनचे आवाज झाले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी दारातच सांगितलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. करिष्मा बाहेर येऊन काउंटरवर काही लिहीत होती, माझ्याकडे पाठ करून. तुझ्या जागी तिने पाणी दिलं होतं. ती भाची होती, आणि मी घरी जाताना पडेन असं आईला म्हटलं होतं. दुसरं माझ्या डोक्यात काही नव्हतं.

पुढचं तू पाहिलंस. बटण, मोहित आणि दुसरा गार्ड, मी फरशीवर. तू जिन्यातून वर आलास. रक्ताचा तो डबा तू आधी बाकावर नीट ठेवलास आणि मग धावलास. ते मी खालून पाहिलं, ते मला नेहमी आठवतं. करिष्मा तेव्हा पुढे येत होती ती, हे मामाजी आहेत, सोडा, असं गार्डना सांगायला. तू तिचा हात पिरगाळून तिला ट्रॉलीवर ढकललंस. उजवा हात.

तू मला म्हणालास की तुम्ही त्यांचे पाय धरले, हे मी जन्मात विसरणार नाही. तुला वाटलं मी भीक मागत होतो, आणखी काही करा म्हणून. आई गेली हे मला तेव्हा माहीत होतं. मागायला काही उरलं नव्हतं.

तुझ्यापासून हे लपवलं कारण तुला लागेल असं वाटलं. तू रांगेत उभा होतास तेव्हा आईने तुझं नाव घेतलं, हे कसं सांगायचं. पण आता दुसरं मनात येतं. आई गेली ती तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली, असं ती समजून गेली. यात तुला काही वाटायचं असेल तर ते वाटू दे. मी त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुझा कागद. करिष्माविरुद्धच्या तक्रारीवर मी सही करावी म्हणून तू पाठवलास. तो सही न करता या पत्रासोबत परत पाठवतो आहे. वकील म्हणतात की उलट तक्रार झाली तर तडजोड होते. ते खरं असेल. सही केली नाही तर तुझ्यावरची मारहाणीची केस लांबेल, गोदामाच्या मालकाच्या कानावर जाईल, नोकरीही जाऊ शकते. हे सगळं मला दिसतं आणि तरी सही होत नाही. तक्रार झाली की चौकशी होणार. मी वेळ नसताना आत कसा होतो, पडदा का ओढला होता, हे विचारणार. पाणी बंद असलेल्या पेशंटला तिने पाणी दिलं हे बाहेर आलं तर तिला नोकरीवर कोण ठेवेल. तिने स्वतःच्या जबाबात फक्त कॉरिडॉरमधलं लिहून दिलं आहे. माझ्याकडे तिने एका शब्दाने काही मागितलेलं नाही. शुक्रवारी सगळ्यांसमोर मला विचारलं तेव्हाही ती माझ्याकडे पाहत नव्हती.

म्हणून हे तुझ्याजवळच ठेव. मिनललाही सांगितलेलं नाही. वकिलालाही सांगू नकोस.

मी या आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन माझा जबाब पुन्हा देणार आहे. मी पाया पडत होतो, पोरीला मागून कळलं नाही, आणि मुलाने बापाला फरशीवर पाहिलं म्हणून तो धावला. तेवढं सांगेन. त्याने तुझं किती भलं होईल ते माहीत नाही.

करिष्माचं प्लास्टर संक्रांतीच्या सुमाराला निघेल. तोवर ती सुट्टी मिळेल तेव्हा खाप्याला आईकडे असते. जयवंताचा मला फोन आला होता. म्हणाली, "दादा, पोरगी झोपेत दचकते. तुम्ही या एखाद्या दिवशी, आणि पोराले पण आणा. किती दिवस असं ठेवता." मी जाणार आहे. तू यावंस असं मला वाटतं. जबरदस्ती नाही. केसच्या दृष्टीने चालतं का, ते आधी वकिलाला विचार.

आलास तर काय बोलायचं ते मला सुचत नाही, तुला सुचेल. पण तिची भीती गेलेली नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून एवढं लक्षात ठेव. मागून जाऊ नकोस, तिला लांबून दिसशील असा समोरून जा. आधी नाव सांग. हात दिसतील असे ठेव. दारात उभा राहू नकोस, दार मोकळं असू दे. आणि ती मागे सरकली तर तिथेच थांब, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यापासूनही ती सरकलीच.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. मिनलला नुसतं येतो म्हणून सांग.

आशीर्वाद.

आईचाही आशीर्वाद. या वेळी तिने सांगितलेला नाही, मीच वेगळा लिहितो आहे.

बाबा